दहा वाजून वीस मिनिटांची प्रत

निवृत्तीनंतर दुपारी डोळा लागला की कधीकधी मला एक गार खोली दिसते. खिडकी नाही. दोन उंच काळी कपाटं, त्यांत लुकलुकणारे हिरवे-निळे दिवे आणि एकसुरी गुणगुण. बाहेर लातूरचं ऊन, आत आषाढासारखा गारवा. ही खोली एका खासगी रुग्णालयाची सर्व्हर रूम. तिथलं प्रकरण माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं नव्हे, पण मला सोडत नाही ते तेच.

तेव्हा मी लातुरात ठाण्याचा प्रभारी होतो. जळकोटकडच्या एका शेतकरी कुटुंबातली वयस्क बाई छातीत दुखतं म्हणून त्या रुग्णालयात आणली आणि ती गेली. रुग्णालयाच्या कागदावर लिहिलं होतं: दुपारी पावणेदोनला आणली, दारातच मृत. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, नातेवाइकांचे जबाब घेतले. तिला घेऊन आलेली लेक तिशीची होती. जबाबावर सही करता करता ती थांबली.

“सायेब, आम्ही सकाळीच आलतो. पर हितले म्हणतेत दुपारी. मलाबी आता काई सुधरंना. निघताना म्या म्हशीला पाणी पाजायला थांबले व्हते. त्यातच उशीर झाला आसंल का?”

दुःखात माणसाचं वेळेचं भान सुटतं, हा माझा अनुभव. मी तिला धीर दिला आणि पुढच्या कामाला लागलो. फाईल बंद व्हायच्या बेतात होती.

दोन दिवसांनी ठाणे अंमलदारानं माझ्या हातात फोन दिला. बाईचा आवाज, दबका. नाव सांगितलं नाही. “ती मावशी दारात मेली न्हाई, साहेब. सकाळी मीच तिला पाणी दिलं. नोंदी बघा.” एवढं बोलून फोन बंद.

मी रुग्णालयात गेलो. व्यवस्थापक नम्र होता; नको इतका नम्र. त्यानं रुग्णांच्या नोंदीचं रजिस्टर पुढे केलं. त्या दिवसाचं पान एका शाईत, एका हातानं, एका बैठकीत लिहिलेलं. अपघात विभागाचं रजिस्टर असं नसतं. तिथे पेन बदलतं, ओळी वाकड्या होतात, चहाचा डाग पडतो. संगणकातली नोंद मागितली, तर त्या दिवसाच्या नोंदीच नव्हत्या.

“त्याच दिवशी धर्माबादचा एक इंजिनिअर बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवायला आला होता,” व्यवस्थापक म्हणाला. “त्यानं घोटाळा केला. आम्ही ते सॉफ्टवेअरच काढून टाकलं.”

इंजिनिअरला बोलावून घेतलं. तो वडिलांसोबत आला. वडील धर्माबादच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. ते बाहेर बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवून. मुलगा आत आला आणि मी विचारायच्या आधीच त्याला घाम फुटला.

दोन तास मी एकच विचारत होतो: काय पुसलंस? कुणी सांगितलं? त्याचं उत्तर एकच, “खरं सांगून राहिलो साहेब, मी काही पुसलं न्हाई.” पण नजर वर उचलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस बहुधा डोळ्याला डोळा भिडवून बोलतो, तेवढी तयारी करूनच येतो तो. हा तर स्वतःच्याच तळहाताकडे बघत होता. मी चहा मागवला आणि म्हटलं, “बरं, ते सर्व्हर असतात कसे, एवढं तरी सांग.”

“दोन मशीन असतेत, साहेब. एक बंद पडलं की दुसरं तेच काम उचलतं. दवाखाना थांबत न्हाई.”

“मग एकावरचं गेलं तर दुसऱ्यावर असेल की.”

“न्हाई ना. हिकडं पुसलं की तिकडंबी पुसतं. म्हणून तर तिसरी प्रत लांब ठेवायची. तेच लावायला गेलो होतो.”

“मग ठेवलीस का प्रत?”

त्यानं चहाचा कप न पिताच बाजूला सरकवला. मला तेव्हा उमगलं की हा गुन्हा लपवत नाही, शंका लपवतोय.

“कशाची भीती वाटते तुला?” मी विचारलं.

मग तो बोलला. सॉफ्टवेअर बसवताना पहिलं मशीन बंद करून चालू केलं, तसं काम दुसऱ्यावर सरकलं. बॅकअपला दोन्ही मशीनचं सामायिक नाव द्यायचं असतं. घाईत आपण पहिल्या मशीनचं एकट्याचं नाव दिलं की काय, हे त्याला आठवत नव्हतं. तसं असेल तर, काम दुसऱ्या मशीनवर गेलेलं असल्यानं, साडेबाराला वेगळ्या डब्यासारख्या यंत्रात घेतलेली चाचणीची प्रत रिकामी. “रोज सपनात तो डबा उघडतो, साहेब. आत काहीच नसतं.”

“कुठे आहे तो डबा?”

“एक्स-रेच्या बाजूच्या स्टोअरात. महिनाभर त्यातलं कुणालाच पुसता येत न्हाई, असं कुलूप लावलंय. दवाखान्यातल्यांना दाखवलं होतं, पण त्यांचं ध्यान नव्हतं.”

दोन पंच आणि सायबर शाखेच्या महिला अधिकारी घेऊन आम्ही गेलो. सलाईनच्या खोक्यांमागे, अंधारात, एक हिरवा दिवा शांतपणे उघडझाप करत होता. सर्व्हरवरून सॉफ्टवेअर काढलं म्हणजे प्रत गेली, असं रुग्णालयवाल्यांना वाटलं होतं. पंचनामा करून डबा सील केला. दुसऱ्या दिवशी सायबर शाखेत, पंचांसमोर, त्याची नक्कल काढून ती उघडली. इंजिनिअरला हात लावू दिला नाही. तो मागे उभा होता. पडद्यावर ओळी चढू लागल्या, पहाटेपासूनची माणसं एकामागून एक. मग ती बाई. आगमन दहा वाजून वीस मिनिटं. डॉक्टरांची तपासणी: साडेबारापर्यंत रकाना कोरा.

इंजिनिअर पुढे वाकला. “नाव सामायिकच टाकलं होतं,” एवढंच पुटपुटला आणि बाहेर वाट बघत असलेल्या वडिलांशेजारी जाऊन बसला. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या पानाची छापील प्रत मी व्यवस्थापकापुढे ठेवली. त्यानं ती तीनदा वाचली. मग कबूल केलं. पाळीवरचे डॉक्टर नांदेडला घरगुती कार्यक्रमाला गेले होते, बाई तीन तास तशीच पडून होती, आणि वरून फोन आल्यावर त्यानं नोंदी पुसल्या, पान नव्यानं लिहिलं. गुन्हा दाखल झाला, वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय मागवला, आरोपपत्र गेलं. पुढचं कोर्टाचं काम.

ह्या तपासानं मला एक शिकवलं. त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना ‘काय केलंस’ ह्याच्या आधी मी ‘भीती कशाची वाटते’ हे विचारू लागलो. पुष्कळदा खरं तिथेच बसलेलं असतं.

तिच्या लेकीला मी ठाण्यात बोलावलं नाही, गावी गेलो. ती गोठ्यापाशी उभी होती. कागद वाचून दाखवला.

“म्हंजी सव्वादहालाच पोचलो व्हतो आम्ही?”

“दहा वीसला, ताई.”

“म्या उशीर न्हाई केला?”

“नाही.”

“पुन्यांदा वाचा की, सायेब.”

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं नाही, तरी वाचलं. ती खाली बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडली, असं तिचा नवरा मला हळूच म्हणाला.