दोन हातांचा कॅल्क्युलेटर

लिफ्टमध्ये शिरल्यावर गायकवाड सर लगेच बटण दाबत नसत. बोट बटणापाशी न्यायचे, थांबायचे आणि मागे वळून विचारायचे, "हात कुठंयत?" मग आम्ही क्लासच्या बायका हसत हसत हात वर करायचो. कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या हातात छत्री. सगळे हात दिसले की सर बटण दाबायचे, आणि दाबताना त्यांचे डोळे किंचित मिटायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस विनोदी आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, जरा सटकलेला आहे. पण फी भरून झाली होती, म्हणून तिसऱ्या दिवशीही गेले.

पिंपळे गुरवमधल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. दुपारची बॅच आम्हा बायकांची. सर अंगानं बारीक, पन्नाशीच्या आसपासचे. शर्टाच्या बाह्या कायम कोपराच्या वर दुमडलेल्या, हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही. आम्हालाही ते ओढण्या पाठीमागे गाठ मारून बसायला लावायचे. मी एकदा म्हटलं, "सर, कॉम्प्युटर काय ओढणी आत ओढून घेणार आहे का?" सर गंभीरपणे म्हणाले, "तो नाही घेणार, वर्षाताई. पण सवय लागू द्या."

क्लासचं दार उघडायला, झाडून घ्यायला आणि चहा करायला दशरथमामा होते. चाकणकडच्या एका गावातले, सरांच्याच वयाचे. त्यांच्या उजव्या हाताला फक्त अंगठा होता. चहाचा ट्रे ते डाव्या हातावर तोलायचे आणि त्या अंगठ्यानं कप असे अलगद पुढे सरकवायचे की नवीन बाईच्या ते लक्षातही यायचं नाही. क्लासमध्ये सरांना "मिलिंदा" म्हणणारे ते एकटेच. "आवं ताई, ह्यो ट्यूबलाइट लावताना बी मला इचारतो, हात कुठं हाय म्हणून. जो हात न्हाईच त्यो कुठं आसंल?" असं म्हणून ते खो खो हसायचे. सर हसायचे नाहीत.

टायपिंग आणि हिशेबाचे तक्ते शिकून झाले की ज्याला पुढे हवं असेल त्याला सर एकच गोष्ट बनवायला लावायचे. कॅल्क्युलेटर. पडद्यावर एक चौकट, वर आकडे दिसायची पट्टी, खाली शून्य ते नऊची बटणं, शेजारी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. आम्हाला वाटलं, हे काय, मोबाईलमध्ये असतोच की. पण आपण लिहिलेल्या ओळीतून पडद्यावर पहिलं बटण उमटलं तेव्हा मला पहिलटकरणीसारखा आनंद झाला. मी दोन आणि तीन यांची बेरीज मागितली. उत्तर आलं तेवीस. त्यानं दोनाशेजारी तीन नुसता चिकटवून ठेवला होता. सगळ्या बायका हसल्या. सर म्हणाले, "त्याला हसू नका. तुम्ही सांगितलं तेच त्यानं केलं. यंत्राला राग नसतो तशी दयाही नसते."

मग शून्य आलं. शून्यानं भागलं की माझा कॅल्क्युलेटर धाडकन बंद पडायचा. मी वाद घातला, "सर, शून्यानं मुद्दाम कोण भागणार आहे?"

"मुद्दाम कुणीच भागत नाही. घाईत भागतात. दमल्यावर भागतात. शिफ्ट सुटायला दहा मिनिटं राहिली की भागतात." मग खुर्ची ओढून शेजारी बसत म्हणाले, "हुशार माणसासाठी काहीही बनवा, चालतं. आपण दमलेल्या माणसासाठी बनवायचं."

आणि शेवटचा धडा म्हणजे 'बरोबर'चं बटण. सरांच्या कॅल्क्युलेटरमध्ये ते पडद्यावर नसायचंच. कीबोर्डच्या डाव्या टोकाची एक कळ आणि उजव्या टोकाची एक, दोन्ही एकदम दाबून धरल्या तरच उत्तर यायचं. एका हाताची बोटं तेवढी लांब पुरत नाहीत, त्यामुळे दोन्ही हात लावावे लागायचे. एवढ्याशा बेरजेला दोन हात! आम्ही तोंडात पदर धरून हसलो. सर म्हणाले, "एक हात मोकळा राहिला की तो कुठंतरी जातो." हे ऐकून मात्र मला हसू आलं नाही, कारण माझा नवरा प्रेसवर होता.

संतोष महाळुंग्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवायचा. खालच्या साच्यावर पत्रा ठेवायचा, बटणं दाबायची, वरून साचा धाडकन आदळतो आणि पत्र्याचा भाग तयार होतो. आम्ही लातूरकडून इथं आलो तेव्हापासून तो तेच करत होता आणि मी तेव्हापासून भीतच होते. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला की हातातलं काम टाकून धावायचे. बहुतेक वेळा कुणीतरी कर्ज घेता का म्हणून विचारायचं. इतक्या प्रेमानं मी कर्जवाल्यांना नाही म्हटलंय, की तेही चकित व्हायचे. ही भीती मी कुणाला बोलून दाखवत नव्हते. भीती बोलली की खरी होते असं आमच्याकडे समजतात.

सरांना मात्र सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "त्यांच्या प्रेसला बटणं किती?"

"दोन असावीत."

"दोन्ही चालतात? दोन्ही हात बटणांवर असले तरच साचा खाली आला पाहिजे."

मला माहीत नव्हतं. घरी संतोषला विचारलं. तो जेवता जेवता म्हणाला, "चालत्यात की. कशाला भ्यायलीस एवढं?" मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

पुढच्या सुट्टीला मी माझा कॅल्क्युलेटर पेनड्राइव्हवर घालून घरी दाखवायला नेला. आमच्याकडे जुना लॅपटॉप होता, त्याच्या कळा गेल्या होत्या म्हणून बाहेरून एक जाडजूड कीबोर्ड जोडलेला. संतोषला फार कौतुक वाटलं. "आयला, तू केलंयस हे?" म्हणत तो मांडी घालून बसला आणि बेरजा करत सुटला. दोन-चार बेरजा त्यानं दोन्ही हातांनी केल्या. मग शर्टाच्या खिशातून बसचं तिकीट काढलं, घडी घातली आणि डावी कळ दाबून ती घडी कळेच्या फटीत बसवली. कळ खालीच राहिली. आता तो डाव्या हातानं आकडे दाबत होता आणि उजव्या हातानं उत्तर घेत होता. "बघ, किती फास्ट होतंय," म्हणाला. लहान मुलासारखा खूश होता तो.

मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. विचारसुद्धा करावा लागला नव्हता.

"अहो, हे कुठं शिकलात?"

"काय?"

"तिकीट."

त्यानं तिकिटाकडे पाहिलं आणि ते पटकन उपसून काढलं. घडी उलगडून ते मांडीवर सपाट केलं. मग म्हणाला, "सगळेच करायलेत. त्याशिवाय टार्गेट निघत नाही. सुपरवायझरच पाचर देतो आणून." मी उठून शेगडीपाशी गेले. चहा ठेवला आणि गॅस पेटवायचा राहून गेला. किती दिवस हा माणूस एक हात साच्यात घालून दुसऱ्या हातानं बटण दाबत होता, आणि मी त्याला डब्यात लोणचं दिलं की नाही याची काळजी करत होते.

सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीवर बसलेच. "डावं की उजवं?"

"डावं अडकवतात."

"म्हणजे डावा हात आत," सर इतकंच म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला माणूस मी प्रथमच बघत होते आणि खरं सांगते, त्यानं मला धीर आला. मग त्यांनी माझ्याकडून नव्या ओळी लिहून घेतल्या. दोन्ही कळा एकाच वेळी दाबल्या गेल्या पाहिजेत, आणि एक उत्तर आल्यावर दोन्ही कळा सुटल्याशिवाय दुसरं उत्तर द्यायचं नाही. त्या दिवशी संध्याकाळी संतोषनं तिकीट लावून पाहिलं. पट्टीवर अक्षरं आली, 'दोन्ही हात उचला'. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तो चिडला. "हे खेळणं आहे. खेळण्याला टार्गेट नसतंय!"

हेही मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, सरांना राग येईल. सर म्हणाले, "बरोबर बोलले ते." आणि रविवारी ते दशरथमामांना घेऊन आमच्या खोलीवर आले.

मी पोहे केले होते. मामांनी उजवा हात बशीशेजारी ठेवला, मुद्दाम, संतोषला दिसेल असा. सर इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. "आम्ही दोघं एका प्रेसवर होतो. यानं पत्रा ठेवायचा, मी समोरून बटण दाबायचं. याच्या बाजूची बटणं बांधलेली होती."

"सुतळीनं," मामा म्हणाले. "म्याच बांधली व्हती. रोज बांधायचो. कवा काय झालं न्हाई, म्हणून बांधायचो."

"बटण मी दाबलं. याचे हात कुठं आहेत ते बघितलं नाही. शिफ्ट सुटायला दहा मिनिटं होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो."

मला सरांचं लिफ्टमधलं बोट आठवलं आणि इतके दिवस हसलेल्या आम्हा सगळ्या बायकांची लाज वाटली. संतोष खाली मान घालून म्हणाला, "मला काढतील, सर."

"काढतील," सर म्हणाले. "आणि मी तुम्हाला नोकरी देऊ शकत नाही. मला एवढंच माहीत आहे की भिणारा माणूस घरी पोचतो. भ्या, संतोषभाऊ. भ्यायची लाज वाटून घेऊ नका."

"खा आता पोहं," मामा संतोषला म्हणाले. "गार झालं तर त्येबी पत्र्यावानीच लागत्यात."

सोमवारी संतोष पहिल्या शिफ्टला गेला. दुपारी मी क्लासला बसले होते, पण समोर काय आहे ते दिसत नव्हतं. आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. कर्जवाला असेल असं मनाला सांगून पाहिलं, मनानं ऐकलं नाही. पडद्यावरचं हिरवं बटण दिसत होतं आणि माझं बोट काही केल्या पुढे जाईना. "सर, तुम्ही उचला," म्हटलं. सरांनी फोन हातात घेतला. त्यांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

"हॅलो" म्हणत त्यांनी स्पीकर लावला. पलीकडून संतोषचाच आवाज आला. त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली होती, म्हणून एका रिक्षावाल्याच्या फोनवरून बोलत होता. "सर, वर्षाला सांगा, मी बटणातली पाचर काढली. त्यांनी मला काढलं. घरी यायलोय."

नवऱ्याची नोकरी गेल्यावर इतक्या आनंदानं रडलेली बाई त्या क्लासनं आधी पाहिली नसेल. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. मामांनी मला चहा दिला आणि सरांनाही दिला, आणि त्या अंगठ्यानं सरांच्या पाठीवर हळूच दाबल्यासारखं केलं. "पोचंल घरी त्यो," म्हणाले.

पुढचे काही महिने कठीण गेले. ते गोड होते असं म्हणणार नाही. भांडणंही झाली, आणि एकदा संतोष 'तुझ्या सरांनी माझी भाकरी घालवली' असंही बोलला. मग त्याला दुसऱ्या कंपनीत काम मिळालं. प्रेसच, पण दोन्ही बटणं चालणारी. मला तोपर्यंत एका ऑफिसात नोकरी लागली होती. मी अजूनही रोज तो घरी आला की आधी त्याचे हात बघते आणि मग तोंड. त्यालाही ते ठाऊक आहे. दारातच दोन्ही पंजे पुढे करतो, पोरासारखे.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. छातीत दुखतंय म्हणून क्लासमध्येच बसले, ते उठलेच नाहीत. मामा जवळ होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम क्लासच्याच जागेत झाला. कॉम्प्युटरांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या, समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी सरांचा फोटो. फोटोतही बाह्या दुमडलेल्या होत्या. वंदना चालू असताना मामा सगळ्यात मागे, दाराशी, आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. विनोद करत नव्हते. तेवढ्यावरूनच कळत होतं की सर आता नाहीत.

कार्यक्रम झाल्यावर आम्ही खाली निघालो. लिफ्टमध्ये मी, संतोष, मामा आणि क्लासच्या दोन बायका. बटणापाशी संतोष उभा होता. त्यानं बोट पुढे नेलं आणि ते तिथंच थांबलं. तो मागे वळला.

"हात कुठंयत?"

कुणी हसलं नाही. आम्ही हात वर केले. मामांनीही केले, दोन्ही.

"दाब आता," मामा म्हणाले. "समद्यांचं दिसत्यात."