रशीदभाईंनी बुजवलेला माझा खड्डा

रशीदभाई फिटर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. आमची गल्ली उंचावर. पाणी दहाव्या दिवशी, तेही करंगळीएवढं. एकदा ते पाणी बंद करायला आले तेव्हा माझा ड्रम अर्धा रिकामा होता. मी ओरडले, "पानी सोडस का उपकार करस रे?" ते शांतपणे म्हणाले, "चावी मना हातमा शे, अक्का. धरण नही." खरं बोलणारी माणसं मला लगेच आवडत नाहीत. तेही आवडले नाहीत.

यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली, नोकरीही संपली. गौरव समितीने त्यांच्यावरच्या पुस्तकासाठी प्रत्येक गल्लीतून एक लेख मागितला. आमच्या गल्लीतून कुणी पुढे येईना. का, ते सांगायलाच मी बसले आहे. मी बोलते, नात लिहिते.

रशीदभाई दर पाळीला नळाचं पाणी बाटलीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकत. पाण्यात जंतू मारायची पावडर असली की ते पिवळं होई. पिवळं झालं तर प्यायचं, नाही झालं तर उकळायचं, असं दारोदार सांगत. एकदा पाणीखात्याचे साहेब म्हणाले, "पिवळं झालं असं लिहून टाका." रशीदभाईंनी तीच बाटली त्यांच्यापुढे ठेवली, "मग एक घोट घ्या, साहेब." साहेबांनी घेतला नाही. रशीदभाईंनीही लिहिलं नाही.

मन मोठं. टँकर आला की भर उन्हात म्हाताऱ्यांचे हंडे स्वतः उचलत. माझे दोन हंडे घरात ठेवले तेव्हा मी म्हटलं, "पाणी तरी घ्या." ते हसले, "अक्का, तुम्ही पहिलांदाच पानी इचारं, नि आजच मना रोजा शे!"

आता खड्ड्याचं. पाणी चढत नाही म्हणून मी दारात कमरेइतका खड्डा खणला आणि नळ खाली घेतला. तोटी लावली नाही. रशीदभाईंनी दोनदा बजावलं, "बुजा, अक्का. गटारीचं पानी साचतंय." मी म्हटलं, "मंग पानी काय तू डोकावर आनशी?"

त्या पावसाळ्यानंतर गल्लीत कावीळ आली. शेजारच्या कमलची सून, पिंपळनेरची पोर, सात महिन्यांची गरोदर होती. चार दिवसांत गेली. पोटातलं बाळही गेलं.

रशीदभाई बाटली घेऊन घरोघर फिरले. माझ्या घराच्या वर पाणी पिवळं, खाली एका घरीही नाही. ते माझ्या खड्ड्यात उतरले. पाणी नुकतंच बंद झालं होतं. म्हणाले, "अक्का, हात ठेवा नळावर." ठेवला. नळाने माझा तळहात आत ओढला. खड्ड्यातली घाण पाइप असाच पीत होता आणि पुढच्या पाळीला खालच्या घरांना पाजत होता. मला अक्षर कळत नाही, हे कळलं.

त्यांनी स्वतः मुरूम टाकून खड्डा बुजवला. बाहेर गल्ली जमली होती. कमलने विचारलं, "कुठून आलं ते पाणी?" रशीदभाई म्हणाले, "पाइपाचा जुना जोड सुटला होता. माझ्या लक्षात राहिलं नाही." कमलने त्यांच्या अंगावर चप्पल फेकली. वर ऑफिसने खुलासा मागितला. मी दारात उभी होते. एरवी माझं तोंड बंद होत नाही. त्या दिवशी उघडलं नाही.

नंतर मी विचारलं, "का केलंस असं?" म्हणाले, "तुम्हाले याच गल्लीमा ऱ्हानं शे, अक्का."

त्यानंतर त्यांना पाहिलं की गल्लीतली दारं लागत. तरी ते दर पाळीला बाटली घेऊन येत राहिले. त्यांच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही आणि तीन घरांपुढे नवे खड्डे झाले आहेत.

कमल, जोड सुटला नव्हता. खड्डा माझा होता. हे तुला कुणीतरी वाचून दाखवेल, म्हणून पुस्तकात घालते. समितीने यातला शब्दही गाळू नये.

रशीदभाईंना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, डोळ्यांना बाटलीतला रंग दिसत राहो. आणि ते आमच्या गल्लीत आले की दारं उघडी असोत. लावायचंच असेल तर माझ्या तोंडावर लावा.