दादाच्या इंजिनाचा रंग

दर मंगळवारी मी शनिवार पेठेतून बसने विश्रांतवाडीला जातो. तिथे माझा थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. दादाला हल्ली सकाळचं दुपारी आठवत नाही. जुनं मात्र पक्कं आहे. हात गुंतलेले असले की तो शांत असतो. म्हणून वहिनींनी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली आणि आम्ही दोघे म्हातारे त्याची पत्र्याची आगगाडी मांडायला बसलो.

नोकरी लागल्यावर त्याने ती जुन्या बाजारातून एकेक करून जमवली होती. चावीचं इंजिन, डबे, स्टेशन, हाताने पाडायचा सिग्नल, फाटक. रंग पत्र्यावरच छापलेले. आता प्लायवूडची फळी जेवणाच्या टेबलावर टाकली आहे. वळणाचे रूळ ठरावीक गोलाईचेच येतात, त्यामुळे लंबगोल आणि बाजूला एक फाटा, याहून जास्त काही बसत नाही. मी स्टेशन मधोमध ठेवलं, तर दादाने ते उचललं.

"चावी कुठे संपते ते आधी बघ. गाडी थांबेल तिथे स्टेशन."

दिव्याचा खांब स्टेशनाहून उंच आहे आणि हमाल दारात मावत नाही, हे मी दाखवलं, तर म्हणाला, "तू काय बांधकाम खात्यातून आलायस?"

या कामात तो कुठेच चुकत नाही. फक्त इंजिन हातात आलं की वहिनींकडे मान करून म्हणतो, "हिने घासलं. चिंचेने." इंजिनाच्या एका बाजूला गडद हिरवा रंग आणि सोनेरी रेघा आहेत. दुसऱ्या बाजूला नुसता पत्रा, आता गंजलेला.

ते मी घासलं होतं.

दादाच्या लग्नानंतरची पहिली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी शिवणयंत्र, अडकित्ता, सायकल, सगळ्याची पूजा व्हायची. दादाने इंजिनही पाटावर ठेवायला सांगितलं होतं. वहिनी मोरीत चिंच-मीठ लावून तांब्याची भांडी घासत होत्या. त्या आत गेल्या तेव्हा मला वाटलं, इंजिनही लखलखीत करावं. तांब्याला चालतं ते पत्र्यालाही चालेल, एवढीच माझी अक्कल. रंगाचा लगदा बोटांवर आला तेव्हा थांबलो आणि चांगली बाजू समोर करून इंजिन पाटावर ठेवून दिलं.

पूजेच्या वेळी दादाने ते उचललं आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "वहिनी भांडी घासत होत्या."

खोटं नव्हतं त्यात काही. म्हणून तर इतकी वर्षं टिकलं. आई वहिनींना काय काय बोलली ते मी ऐकत उभा राहिलो. दादाने गाडी ट्रंकेत भरली आणि पुन्हा कधी काढली नाही.

या वर्षी मी आधी वहिनींना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "जेवताना तुमची नखं हिरवी होती."

"मग बोलला का नाहीत?"

"नव्या सुनेने दिराचं नाव घ्यायचं? तुमच्या आईसमोर?"

मग दादाला सांगितलं. तो इंजिनाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "तू?" एवढंच म्हणाला, पकड खाली ठेवली आणि आत जाऊन पडला. चहाला उठून आला तेव्हा इंजिन उचलून मला दाखवलं. "बघ, हिने घासलं."

पुढच्या मंगळवारी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच "तू?", तोच चेहरा, पुन्हा आत जाणं. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनींनी मला गॅलरीत बोलावलं.

"भावजी, आता पुरे. तुमचं मन हलकं होतं, पण त्यांना तो धक्का दर वेळी नवा असतो. रात्री जेवत नाहीत. का जेवत नाहीत, ते त्यांनाही सांगता येत नाही."

"पण तुमच्यावरचा आळ?"

"तो सवयीचा झालाय. तुम्ही फाटक बसवा."

मी आत येऊन फाटक बसवलं. ज्याला खरं कळायला हवं त्याच्याजवळ ते टिकत नाही, आणि टिकतं तेवढा वेळ त्याला छळतं. हे मी आधी करायला हवं होतं. त्याला राग धरता आला असता, भांडता आलं असतं, कदाचित क्षमाही करता आली असती.

परवा शेजारचे गृहस्थ गाडी बघायला आले. दादाने त्यांना सिग्नल पाडून दाखवला, गाडी स्टेशनात नेमकी थांबवून दाखवली आणि मग इंजिन त्यांच्या हातात दिलं. "ही बाजू आमच्या हिने घासली. चिंचेने."

गृहस्थ हसले. "काय हो वहिनी, इंजिनाला चिंच?"

वहिनी बशा ठेवत होत्या. "नवीन होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "कळत नव्हतं."

मी रुळाचा स्क्रू पिळत होतो. तो केव्हाच घट्ट बसला होता.