सांबराचं शिंग आणि परत गेलेलं रजिस्टर

मी कायद्याला घाबरणारा माणूस आहे, आणि आमच्या बैठकीच्या दारावर तीस वर्षांपासून सांबराचं शिंग लटकत होतं. ते सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. या दोन गोष्टी एका घरात सुखानं नांदत होत्या. मग पोस्ट मधे आलं.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी आणि माझी बायको कुसुम अडीच महिने बंगलोरला राहून आलो. वीज केंद्रात नोकरीला होतो तेव्हाच, लग्नाच्या वर्षी, ऊर्जानगरजवळच्या एका कॉलनीत आम्ही लहानसं घर बांधलं. जाताना टपालाची जबाबदारी शेजारच्या गेडामबाईंवर सोपवली होती. परत आलो, तर त्यांनी पिशवीभर टपाल समोर ओतलं. चार लग्नपत्रिका (चारही जोडपी एव्हाना भांडायला लागली असतील), दोन तेरव्यांची कार्डं, आणि सगळ्यांच्या तळाशी पोस्टाची एक चिठ्ठी. रजिस्टर पत्र आलं होतं, घर बंद आढळलं, सात दिवसांत येऊन घ्यावं. पाठवणार : वन विभाग. चिठ्ठी दीड महिना जुनी.

"बाई, एक फोन तरी करायचा होता," मी म्हणालो.

"तुम्ही नातवात रमले असान, कायले त्रास द्याव म्हटलं," गेडामबाई म्हणाल्या. "पोस्टमन विचारत होता कुठी गेले म्हणून. मी म्हटलं, मले काई माहीत नाई. आजकाल सांगू नये जी कोणाले."

त्या गेल्या. कुसुमनं चिठ्ठी वाचली. "वन विभागाचं आपल्याकडे काय काम?"

मी दाराच्या वर पाहिलं. तिनंही पाहिलं. मग आम्ही दोघंही खाली बसलो.

असं शिंग जंगलात आपोआप गळून पडलेलं असलं तरी घरात ठेवणं गुन्हा आहे, हे मी पेपरात वाचलं होतं. वाचल्यावर शिंग काढायचं सोडून मी तो पेपर रद्दीत टाकला होता.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. खिडकीवर नवीन मुलगी होती. चिठ्ठी वाचून तिनं विचारलं, "उरकुडे तुम्हीच का?"

आता उत्तर सरळ होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "नाही, मी त्यांचा शेजारी."

"मग त्यांनाच यावं लागेल. आधार कार्ड घेऊन."

"ते जरा आजारी आहेत."

एवढ्यात मागच्या दारातून आमचे जुने पोस्टमन रामटेके आले. "अरे उरकुडे भाऊ, केव्हा आले गावाहून? नातू झाला म्हणते."

खिडकीतली मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. मी रामटेक्यांना हाताला धरून कोपऱ्यात नेलं आणि पत्राचं विचारलं.

"थे तर कधीचंच परत गेलं जी. तीन खेपा मारल्या मी."

"परत पाठवताना काय लिहिलं?"

"जे होतं थेच. घर बंद, मालक कुठी गेले शेजाऱ्यालेही माहीत नाई."

म्हणजे सरकारी कागदावर मी फरार होतो. "पाकीट जाड होतं की पातळ?"

"पातळ."

जाड असतं तर माहितीपत्रक वगैरे म्हणता आलं असतं. पातळ म्हणजे एकच कागद, आणि एका कागदावर माणसाला फक्त हजर व्हायला सांगतात.

घरी येऊन मी स्टुलावर चढलो आणि शिंग उतरवलं. घाई इतकी होती की त्याचं वजनसुद्धा कळलं नाही. कुसुमनं ते तांदळाच्या कोठीत खुपसलं. झाकण बसेना. पलंगाखाली ठेवलं, तर एक टोक बाहेर डोकावून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्या ओरबाडू लागलं. शेवटी कपाटात साड्यांच्या मागे घातलं. आता दारावर पाहतो, तर तीस वर्षांच्या धुळीत शिंगाच्या आकाराचा पांढराशुभ्र डाग. आधी निदान शिंग होतं, आता पुरावा होता. मी त्यावर कॅलेंडर लावलं. कॅलेंडरच्या दोन्ही बाजूंनी डागाच्या फांद्या बाहेर आल्या, आणि फेब्रुवारी महिन्याला शिंगं फुटली.

चहाची साखर मागायला गेडामबाई आल्या. "शिंग कुठी गेलं जी?"

"कोणतं शिंग?" मी म्हणालो. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि साखर न घेताच गेल्या.

"अजी, असं रोज मरण्यापेक्षा जाऊन देऊन टाकू," कुसुम म्हणाली. "स्वतःहून गेलं तर कमी करत असतीन शिक्षा."

शिंग न्यायचं कशात, हा प्रश्न होता. चादर मोठी पडत होती, पिशवी फाटत होती. शेवटी कुसुमनं नातवासाठी शिवलेल्या गोधडीत (ती चुकून परत आली होती) ते नीट गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि स्कूटरवर मागे बसली. चंद्रपूरच्या पहिल्याच सिग्नलला माझे जुने फोरमन बाजूला येऊन थांबले.

"वा, नातवाले घेऊनच आले का?"

"हो," कुसुम म्हणाली.

"पाहू द्या ना जी चेहरा."

"झोपला आहे," असं म्हणून तिनं गोधडी छातीशी धरली. गोधडीतून एक टोक वर आलं. सिग्नल हिरवा झाला तरी फोरमनसाहेब तिथंच होते.

वन विभागाच्या ऑफिसात एक तरुण साहेब बसले होते. मी गोधडी टेबलावर ठेवली आणि हात जोडले. "साहेब, मी उरकुडे. मी फरार नव्हतो. मुलीचं बाळंतपण होतं. हे शिंग माझं नाही. मोहर्लीच्या जंगलात मला सापडलं असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगतो, पण ते खोटं आहे. हे सासऱ्यांनी दिलं."

"बाबाचं नाव काऊन घेता?" कुसुम म्हणाली. "शहाऐंशी वर्षांचे आहेत ते. तुम्हीच जा ना आत."

साहेबांनी हातानंच आम्हाला गप्प केलं आणि माझं नाव पुन्हा विचारलं. मग मागच्या रॅकमधून एक पातळ पाकीट काढलं. "तुमच्या कॉलनीनं झाडांची रोपं मागितली होती. अर्जावर तुमची सही आहे. रोपं तयार आहेत, घेऊन जा, असं कळवलं होतं. घरचा फोन कोणी उचलेना, म्हणून रजिस्टर केलं. तेही परत आलं." त्यांनी सुस्कारा सोडला. "रोपं दुसऱ्यांना दिली."

अर्ज मीच केला होता. कॉलनीचा सचिव म्हणून. बंगलोरला जायच्या आदल्या दिवशी.

मी हळूच गोधडी आपल्याकडे ओढू लागलो. साहेबांनी तिच्यावर हात ठेवला. गोधडी उघडली, शिंग उचललं, नखानं खरवडलं, वास घेतला. मग कोणाला तरी हाक मारली. खाकीतले दोघे आले. तिघांनी मिळून ते उलटंपालटं करून पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे पेपरातला माझा फोटो उभा राहिला. टेबलावर शिंग आणि मागे मान खाली घातलेला मी.

"उरकुडे साहेब," ते म्हणाले, "हे लाकूड आहे."

"म्हणजे?"

"कोरलेलं आहे. वरून रंग आणि पॉलिश. सुंदर काम आहे."

कुसुमनं शिंगावरून बोट फिरवलं. "बाबा असे निघतीन वाटलं नव्हतं," एवढंच ती म्हणाली.

मी खुर्चीत टेकलो. पाणी मागितलं. पहिला घोट घेतला असेल नसेल, तेवढ्यात साहेबांनी शिंगाचं बूड उजेडात धरलं. "सागवान दिसते. हे कुठून तोडलं? याचा परवाना आहे?"

पाणी माझ्या नाकातून आलं. खाकीतले दोघे तोंड फिरवून हसायला लागले, तेव्हा कळलं की साहेब गंमत करत होते. त्यांनी स्वतः शिंग गोधडीत गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "न्या घरी. लावा परत दारावर."

कुसुम बाहेर स्कूटरपाशी गेली. मी मात्र दारापर्यंत जाऊन मागे फिरलो. कॉलनीत तीस वर्षं मोहर्लीची गोष्ट ऐकलेली माणसं डोळ्यांपुढे आली.

"साहेब," मी हळू आवाजात म्हणालो, "जप्त केलं असं लिहून देता का?"