नदीत सोडलेल्या गोळ्या

मी डॉक्टरांशी खोटं बोललो. हे बायकोलाही ठाऊक नाही, आज पहिल्यांदा लिहितो आहे.

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात माझा रिपोर्ट हातात धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, टीबी आहे, आणि साधा नाही. एमडीआर आहे." म्हणजे ज्याच्या जंतूंवर नेहमीची औषधं चालत नाहीत तो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या जवळपास कुणी गोळ्या अर्धवट सोडल्या होत्या का? आम्हाला त्या घरातल्या सगळ्यांना तपासावं लागेल."

मी म्हटलं, "नाही."

मी बाप्टिस्ट मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक; लोक पास्टर म्हणतात. तलासरीत राहतो. बावीस वर्षं मोटरसायकलवरून पाड्यापाड्यांत सुवार्ता सांगत फिरलो, कधी समुद्रकाठच्या झाईपर्यंत, कधी आत सायवनकडे. भातकापणीच्या दिवसांत लोक खळ्यावर असायचे, तर खळ्यावरच प्रार्थना घ्यायचो. आवाज मोठा होता, लोक ऐकायचे. त्याचा मला गर्व होता.

खोकला सुरू झाला तेव्हा वाटलं, ओरडून घसा बसला. मग वजन उतरलं, शर्टाची कॉलर सैल झाली. बेडका तपासायला गेलो तर तिथला कर्मचारी म्हणाला, "पास्टर, ही नुसती लाळ आहे. माइकवर लावता तसा जोर लावा की!" मी हसलो. डबीत रक्ताची रेघ आली तेव्हा त्याने थट्टा सोडून डबीला झाकण लावलं. सीबीनॅट नावाचं मशीन आहे. जंतू आहेत का आणि मुख्य औषध त्यांना मारतं का, हे दोन्ही सांगतं. माझे जंतू मरणारे नव्हते.

ते कुठून आले, हे मला दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्या कळलं होतं.

आमच्यात बाप्तिस्मा पूर्ण पाण्यात बुडवून देतात. त्याआधी गळ्यातले, दंडातले दोरे-ताईत सोडून नदीत टाकायचे, हा पायंडा मात्र माझा. सायवनजवळच्या एका पाड्यावरचा जान्या एका बाप्तिस्म्याच्या दिवशी रांगेत होता. मजुरी करणारा माणूस. दोन महिने टीबीच्या गोळ्या खाऊन अंगावर मांस धरलं होतं. त्याने दंडाचा ताईत तोडला, मग खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली आणि हसत म्हणाला, "पास्टर, आता याचा काय काम?"

मला माहीत होतं, कोर्स सहा महिन्यांचा असतो. पण काठावर शंभरेक लोक उभे होते. कुणीतरी "हालेलुया" म्हटलं, सगळ्यांनी उचलून धरलं. मीही म्हटलं. पाकिटं वाहत गेली आणि मी त्याला पाण्यात बुडवलं.

चार-पाच महिन्यांत तो पुन्हा खोकू लागला. गोळ्या सुरू झाल्या, त्या लागू पडेनात. दर आठवड्याला त्याच्या बंद खोलीत मी त्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायचो. तो गेला तेव्हा मंडळीतले म्हणाले, विश्वास कमी पडला त्याचा. मातीच्या वेळी त्याची बायको सुनी माझ्याकडे बघत होती. मी एका शब्दाने कुणाला अडवलं नाही.

माझ्या नव्या गोळ्या जड आहेत. लिनेझोलिड म्हणून एक आहे, ती पायांच्या नसांवर जाते. तळवे जळतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. तरीही सांगतो, तुमच्यापैकी कुणाला हे झालं तर गोळ्या सोडू नका. पाळक सांगत असला तरी नाही. पाळक गप्प असला तरी नाही.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो, तर बाहेरच्या बाकावर सुनी. शेजारी तिची थोरली, नववीतली. पोरीचे गाल आत गेलेले. सुनी उठली, म्हणाली, "पास्टर, हिच्यावर हात ठेवा. हिचा विश्वास पक्का हाय. बापासारखा कच्चा नाय."

मी हात ठेवला नाही. आत गेलो, दार लावलं आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं." आवाज चढवला नाही. नंतर एवढंच म्हणाल्या, "ती आश्रमशाळेत राहते. आता तिथलीही मुलं तपासावी लागतील."

पोरीला तोच टीबी निघाला. डावं फुप्फुस बरंच खराब झालं आहे. वाचेल का, यावर डॉक्टरीणबाई "बघू" म्हणतात. तो शब्द मी स्वतः इतक्या घरांत वापरला आहे की त्याचा अर्थ मला सांगावा लागत नाही.

मी बहुधा बरा होईन. वजन दीड किलो वाढलं आहे. मंडळीतले त्यासाठी देवाचे आभार मानतात तेव्हा मला मान वर करवत नाही. आभार मला मानायचे आहेत ते त्या डॉक्टरीणबाईंचे, कारण सगळं ऐकूनही त्यांनी माझ्या गोळ्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "पाणी भरपूर प्या."

त्या दिवशी दवाखान्यात सुनीसमोरून मी तसाच निघून आलो. तिच्या पाड्यावर अजून गेलेलो नाही. जान्याचा विश्वास कमी पडला नव्हता, त्याला अडवायचं सोडून मी हालेलुया म्हटलं होतं, हे तिला तिच्या ओट्यावर बसून, मंडळीच्या देखत सांगणं मी देणं लागतो.