मागच्यांना वाट द्या

नणंदेची बाजू भावजयीने मांडली की लोकांना आधी संशयच येतो. येऊ दे. आमच्या वन्संचं आणि माझं एका स्वयंपाकघरात कधी पटलं नाही. भाजीत मीठ किती घालायचं यावरून आम्ही आठवडाभर अबोला धरलेला आहे. पण त्यांच्या बाबतीत जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वन्सं गोल्फच्या मैदानावर कॅडी होत्या. खेळणाऱ्याची जडच्या जड बॅग खांद्याला अडकवून चालायचं, मागेल ती काठी हातात द्यायची आणि बॉल गेला कुठे ते बघायचं, असं ते काम. नवऱ्याचं घर सोडून आल्या त्याच महिन्यात त्यांनी ते धरलं. भावाच्या घरी राहीन, पण भावाच्या जिवावर नाही, असं त्यांनी दारातच सांगितलं होतं, आणि ते निभावलंही. चालणं असं की बाजारात मी एका दुकानात डोकावून बाहेर येईपर्यंत त्या रस्त्याच्या टोकाला पोचलेल्या असत. नजर घारीची. झुडपात, डबक्याच्या काठाला, वाळक्या पानांत, कुठेही बॉल पडो, वन्सं सरळ जाऊन त्याच्या शेजारी उभ्या.

हाच गुण त्यांना नडला. जो जास्त बॉल हरवतो त्याच्याबरोबर वन्संना पाठवायचं, असं तिथे ठरूनच गेलं. आणि सगळ्यात जास्त बॉल हरवायचे ते एक निवृत्त सर्जन. कॅडींनी त्यांचं नाव 'मुहूर्त' ठेवलं होतं. बॉलपुढे उभं राहायचं, काठी दोनदा हवेत फिरवायची, मागे सरायचं, गवताची काडी उडवून वारा बघायचा, चष्मा पुसायचा, पुन्हा उभं राहायचं. एवढं झाल्यावर बॉल जायचा झाडीत. भोकाजवळच्या हिरवळीवर आले की चारी बाजूंनी फिरून, वाकून जमीन न्याहाळायचे, जशी काही विकतच घ्यायची आहे. या माणसाने लोकांची पोटं उघडली ती शिवली तरी कधी, असा मला प्रश्न पडायचा.

माझी चहाची खिडकी मैदानाच्या मध्यावर आहे. नववा होल, म्हणजे अर्धा खेळ, संपला की सगळे तिथूनच पुढे जातात. त्यामुळे कोण कुणाला अडवून ठेवतंय, हे मला क्लबच्या ऑफिसपेक्षा आधी कळतं.

मग क्लबला नवा कॅप्टन आला, म्हणजे सभासदांनीच निवडलेला प्रमुख. खेळ फार रेंगाळतो, हे बंद झालं पाहिजे, असं तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. मागचे ताटकळायचे, आणि कॅडींची पोरं घरी वाट बघत बसायची. हळू खेळणाऱ्याने बाजूला व्हायचं आणि मागच्यांना पुढे जाऊ द्यायचं, ही या खेळातली साधी रीत आहे. मी चहावाली असून मला कळते. पण सभासदांना बोलायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? म्हणून नियम निघाला तो असा, की ज्यांचा खेळ उशिरा संपेल त्यांच्या कॅडीला ताकीद. तीन ताकिदी झाल्या की काम बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

वन्संना बघता बघता दोन मिळाल्या.

त्या रविवारी मुहूर्तसाहेबांच्या मागे खुद्द कॅप्टनच होता. वन्सं बॅग घेऊन पुढच्या होलला जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि साहेब माझ्या खिडकीपाशी चहात बिस्किट बुडवत होते. शेवटी त्या परत आल्या.

"साहेब, कॅप्टनसाहेब मागे थांबलेत. त्यांना पुढे जाऊ द्या, मग आपण निवांत खेळू."

"मला ओलांडून जाणार ते?" साहेब म्हणाले. "एवढाही काही म्हातारा झालो नाही मी."

तेवढ्यात कॅप्टन आला, चेहरा लालबुंद. मला म्हणाला, "या बाईला काही कळतं की नाही?"

"बाई कधीची पुढे जाऊन उभी होती," मी म्हटलं. "चहा कोण पितंय ते बघा की."

त्याने बघितलं. साहेबांकडे गेला. मला वाटलं, आता बोलेल. तर हा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "वा, डॉक्टर, तब्येत एकदम मस्त दिसतेय. होऊ द्या आरामात." जिभेवर नुसती साखर. आणि संध्याकाळी वन्संना तिसरी ताकीद.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांचाच निरोप आला. वन्संवाचून त्यांचे बॉल सापडेनात. ते म्हणे कॅप्टनला सांगणार होते, की त्या दिवशी बाईंची तब्येत बरी नव्हती, म्हणून उशीर झाला. वन्संनी फक्त हो म्हणायचं होतं, की तिसरी ताकीद रद्द.

"ताई, एका 'हो'ने काय जातंय?" आमचे हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "जी बाई आयुष्यभर स्वतःच्या पायांवर उभी राहिली, तिने आता तेच पाय लटपटले म्हणून सांगायचं?" मी म्हटलं. वन्संनी माझ्याकडे बघितलं.

ऑफिसात त्या गेल्या तेव्हा मी चहा द्यायच्या निमित्ताने तिथेच होते.

"काय बाई, बरं नव्हतं ना त्या दिवशी?" कॅप्टनने विचारलं.

"मी ठणठणीत होते. उशीर डॉक्टरसाहेबांमुळे झाला. तुम्ही मागेच होतात, तुम्हीही बघितलंत."

साहेब चष्मा पुसू लागले. कॅप्टन म्हणाला, "बोलायची एक पद्धत असते."

"तुम्ही त्यांच्याशी कोणत्या पद्धतीने बोललात ते मी ऐकलंय," वन्सं म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. काम कायमचं गेलं.

आता मुहूर्तसाहेबांबरोबर जायला एकही कॅडी तयार होत नाही. ताकीद कुणाला हवी आहे? ते स्वतःच बॅगेची गाडी ओढत येतात, त्यामुळे आणखी उशीर. परवा कॅप्टन पुन्हा त्यांच्या मागे अडकला आणि माझ्या खिडकीशी येऊन हताश होऊन म्हणाला, "आता काय करायचं हो?"

"आता तुम्हालाच त्यांना सांगावं लागेल," मी म्हटलं. "दुसरं कुणी उरलेलं नाही."

त्याने चहा संपवला, हिरवळीवर वाकलेल्या साहेबांकडे एकदा बघितलं आणि दुसरा कप मागितला. त्याच्या मागे सगळं मैदान खोळंबून उभं होतं. आणि ज्यांनी कधी कुणाची वाट अडवली नाही, त्या आमच्या वन्सं घरी बसून आहेत.