शेवट न पाहिलेले सिनेमे

शशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रागावलेलीच होते. त्याच्या थोडे दिवस आधी आमचं फोनवर भांडण झालं होतं, आणि तेही सिनेमावरून. दुसऱ्या कशावरून आमचं कधी भांडण झालंच नाही. ती नागपूरला मुलाकडे होती, औषधपाण्यासाठी. जरा बरं वाटायला लागलं म्हणून सुनेनं तिला मॉलमध्ये सिनेमाला नेलं, आणि घरी येताबरोबर हिचा मला फोन. नवरा गेल्यावर एक बाई राहतं घर विकायला काढते, अशी काहीतरी गोष्ट होती. "पाहण्यासारखा आहे वो कापगते," म्हणाली. मला ती आडनावानंच हाक मारायची. मी विचारलं, मग विकते की नाही शेवटी? तर म्हणे, "ते नाही सांगत. तू पाहून ये, मंग बोलू." मी म्हटलं, "मी एकटी कुठे जाऊ आता सिनेमाले? सांग ना!" नाही म्हणजे नाहीच. "राहू दे मंग," म्हणून मी फोन ठेवून दिला. त्यानंतरचा फोन तिच्या मुलाचा. "काकू, मम्मी गेली." मी बरं म्हटलं आणि गॅस बंद करायला स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवलेलाच नव्हता...

भंडारा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, त्या बदल्यांच्या धामधुमीत शशिकला मेश्राम आमच्या शाळेवर आली. अड्याळच्या पुढे, आत, धानाच्या बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत आमचं गाव. शनिवारी शाळा सकाळची. पहिल्याच शनिवारी ही मला म्हणाली, "मॅडम, भंडाऱ्यात टॉकीज कोणती चांगली?" मी नवीन बाईच्या तोंडाकडे पाहतच राहिले. मुक्कामाची खोली मिळाली का, पाणी कुठून आणायचं, हे विचारायचं सोडून टॉकीज! त्याच दुपारी आम्ही दोघी एस.टी.त बसलो आणि मग ती सवयच लागली. आमच्या सासूबाई म्हणायच्या, मीटिंगा फार वाढल्या वाटते तुमच्या. मी म्हणायची, हो ना, जिल्हा नवीन झाला आहे, कामं वाढली.

पण आमच्या या सिनेमाला एक ग्रहण होतं. गावात जाणारी शेवटची गाडी भंडाऱ्याच्या स्टँडवरून सुटायची ती तीनचा खेळ सुटायच्या आत. म्हणजे तिकडे पडद्यावर नायक खलनायकाच्या दारात पोचला, की इकडे शशी माझा पदर ओढणार, "ऊठ, गाडी जाईल!" अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात आम्ही बाहेर पडायचो आणि स्टँडकडे धावत सुटायचो. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी मिळून एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. शेवट आम्ही गाडीत करायचो. खिडकीशी ती, बाजूला मी, मांडीवर फल्लीदाण्यांची पुडी. मी म्हणायची, दोघांचं लग्न होते. ती म्हणायची, "नाही वो! लग्न कसं होईल? त्याची माय नाही ऐकत." मी म्हणायची, माय मरते. "कायले मारून राहिली तू तिले? ती चांगली खातेपिते आहे!" पुढच्या बाकावरचे लोक मान वळवून पाहायचे. अड्याळ येईपर्यंत भांडण, आणि तिथून पुढे एकदाचा दोघींना मान्य असा शेवट.

एकदा याच्यापायी चांगलीच फजिती झाली. आम्ही गाडीत एका नायकाला मारून टाकलं होतं, फार विचार करून, आणि सोमवारी शाळेत तसंच सांगून बसलो, अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं. आमचे हेडमास्तर पुढल्या रविवारी सहकुटुंब तोच सिनेमा पाहून आले आणि दारातूनच ओरडले, "ओ मॅडम, तो तर ठणठणीत आहे! आमची मंडळी मध्यंतरापासून रडत बसली, आता तो मरते, मग मरते, आणि तो शेवटी नाचून राहिला!" मी तर खाली मान घालून हजेरी घ्यायला लागले. शशी म्हणते कशी, "सर, तुम्ही पाहिला तो चुकला. मरायलेच पाहिजे होता तो."

तिची मतं ही अशी. मी रडणारी बाई. गाणं लागलं की मला सगळं आवडायचं. तिला मात्र भलत्याच गोष्टी दिसायच्या. शेतात नाचणाऱ्या बायका पाहून म्हणायची, "रोवणा करून आल्या म्हणे ह्या! एक बांधी रोवून दाखव म्हणा, मंग पाहू कंबर कशी हालते." ती स्वतः लहानपणी आईसोबत दुसऱ्यांच्या चिखलात रोवण्याला, भाताच्या लावणीला, गेलेली होती. एकदा गरीब मुलगा आणि श्रीमंत मुलीचा सिनेमा पाहून येत होतो. मी आपली डोळे पुसत होते. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "हे सिनेमावाले आडनाव नाही सांगत कोणाचं, पाहिलं का? आडनाव सांगतील तर सिनेमा अर्ध्या घंट्यात संपेल." त्या दिवशी गाडीत शेवट झालाच नाही आमचा. उतरताना तिनंच माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "चाल वो, कापगते. पुढल्या शनिवारी मारामारीचा पाहू."

पुढे दोघी रिटायर झालो. मी भंडाऱ्यात घर बांधलं, टॉकीज चालत जाण्यासारखी, शेवटच्या गाडीची कटकट संपली. तेवढ्यात हे गेले आणि ती मुलाकडे गेली. मुलगा माझा पुण्यात. फोनवर मी काहीही म्हटलं की त्याचं "हो आई" ठरलेलं. पाऊस जास्त झाला म्हटलं तरी हो, कमी झाला म्हटलं तरी हो. शेजारपाजारचेही वयाचा मान ठेवून माना डोलावतात. मान मिळतो, पण त्यानं माणूस किती एकटं पडतं म्हणून सांगू! "नाही वो, काहीतरीच काय बोलून राहिली" असं म्हणणारं जगात एकच माणूस होतं मला.

शशीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नागपूरला गेले. भंतेजींची वंदना झाली, मग भाषणं. आदर्श शिक्षिका, आदर्श माता, शांत स्वभाव... शांत? शशी? मला उठून सांगावंसं वाटत होतं, की अहो, ही बाई टॉकीजमध्ये नायकाला मोठ्यानं अक्कल शिकवायची! पण तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत गंभीर बसलेले. मी पाणी प्यायला आत गेले. स्वयंपाकघरात सून होती. तिच्याजवळ मात्र राहवलं नाही. म्हटलं, "त्या घर विकणाऱ्या बाईचं शेवटी काय झालं गं? सांगितलंच नाही मला तुझ्या सासूनं." ती पोर माझ्याकडे पाहायला लागली. म्हणाली, "काकू, आम्ही कुठे पाहिला शेवट? थोडा राहिला होता आणि मम्मी उठल्याच. मला वाटलं, त्रास होऊन राहिला. तर म्हणाल्या, नाही, बरी आहे मी. बाकीचा मले कापगतेसोबत करायचा आहे."

मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. पोरीनं खुर्ची दिली. मी शशीला फोनवर काय बोलले ते तिला सांगितलं, आणि फार रडले.

सिनेमा अजून आमच्या भंडाऱ्यात लागलेला होता. परवा गेले, एकटीच. शेवट जवळ आला तसे पाय आपोआप उठायला लागले, पण बसून राहिले, दिवे लागेपर्यंत. ती बाई घर विकते. किल्ली देते आणि निघून जाते. बस, एवढंच. बाहेर येऊन रस्त्याच्या कडेनं चालताना मी चांगलं मोठ्यानं म्हटलं, "विकायला नको होतं तिनं." दोन पावलं टाकून थांबले. शशी यावर काय म्हणाली असती, ते इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही मला सांगता येईना. माझ्या मनात नसेल तेच ती बोलायची. मी पुन्हा म्हटलं, विकायला नको होतं. कोणी "नाही वो" म्हटलं नाही.